“खुणा बंद करा म्हणजे बोलेल”: कर्णबधिर मुलांच्या पालकांचे प्रश्न

मी ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट आहे. चोवीस वर्षं पुण्यात लहान मुलांचे कान तपासते आहे. दवाखान्यात, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला तेच पाच-सहा प्रश्न विचारले जातात, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोवर दुसऱ्या कुणाचं ऐकून वर्ष-दीड वर्ष घालवलेलं असतं. म्हणून आलेल्या पत्रांतले प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं लिहिते. मूल समोर बसवून तपासल्याशिवाय कुणालाही पक्कं सांगता येत नाही, हे प्रत्येक उत्तराच्या मागे धरून चाला.

प्रश्न : मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, अजून एकही शब्द नाही. मागे ताट वाजवलं की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतं ना? सासूबाई म्हणतात, याचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले. (धायरी)

ताट वाजवून कान तपासता येत नाही. ताटाचा हादरा फरशीतून पायाला लागतो, भिंतीवर सावली हलते, समोर बसलेल्या आजीचे डोळे आधीच मागे वळलेले असतात. ऐकू न येणारं मूल या सगळ्याला वळतं, कारण ते डोळ्यांनी सतत टिपत असतं. शिवाय ताटाचा दणका ऐकू येणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘त’ ऐकू येतीलच असं नाही, आणि शब्द तर त्यांनीच बनतात.

बाबा उशिरा बोललेही असतील. त्यांचे कान कुणी तपासले होते का?

ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी) आणि बेरा (आवाज नसेतून पुढे मेंदूकडे पोचतो का ते बघणारी), या दोन्ही तपासण्या करून घ्या. बेरा बाळ झोपलेलं असताना होते, डोक्याला छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, दुखत काही नाही. फक्त ओएई ‘पास’ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. काही मुलांत आतला कान ठीक असतो आणि आवाज पुढे नेणाऱ्या नसेत दोष असतो, तो ओएईत दिसत नाही. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, हे जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. तुमचा मुलगा २१ महिन्यांचा आहे. खासगीत परवडत नसेल तर ससूनमध्ये किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, पण याच आठवड्यात करा.

प्रश्न : ‘मूकबधिर’ म्हणायचं की ‘कर्णबधिर’?

कर्णबधिर. मुलाचा गळा शाबूत असतो. त्याला मुकं ठरवायची घाई आपण करतो.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांपूर्वी मेंदूज्वर झाला, तेव्हापासून तिला ऐकू येत नाही. ओळखीचे एक जण म्हणतात, सहा महिने थांबा, आपोआप परत येतं. (चाकण)

अजिबात थांबू नका. मेंदूज्वरानंतर आतल्या कानाच्या शंखात हाड भरायला लागू शकतं. एकदा ते भरलं की कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राची, तार आत सरकवणं अवघड होतं, कधी कधी अशक्यच. हे पत्र वाचून मी तुम्हाला वेगळं कळवलंच आहे, पण अशाच परिस्थितीतले आणखी कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी इथे लिहिते: उद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ‘मेंदूज्वर होऊन गेलाय’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न : मुलाचं इम्प्लांट झालं. पुढच्या आठवड्यात मशीन चालू करणार आहेत. मोबाइलवर दाखवतात तसा तो आईचा आवाज ऐकून हसेल ना? बोलायला किती दिवस लागतील? (वारजे)

हसेल, रडेल, कॉइल (डोक्याला चिकटणारी मशीनची चकती) ओढून फेकून देईल किंवा काहीच करणार नाही. हे सगळं चालतं. रडलेल्या बाळांचे व्हिडिओ कुणी टाकत नाही, एवढंच.

इम्प्लांट म्हणजे नवा कान नव्हे. आपल्या शंखात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केशपेशी असतात आणि इम्प्लांटच्या तारेवर कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड. इतक्या थोड्या टोकांवरून येणाऱ्या विजेच्या स्पंदनांचा अर्थ लावायला मेंदूला शिकावं लागतं. स्विच-ऑनच्या दिवशी मुलाचं ऐकण्याचं वय शून्य धरा. जन्मलेलं मूल पहिल्या महिन्यात बोलतं का?

पहिलं वर्ष मॅपिंगच्या, म्हणजे मशीनचा आवाज मुलाला जुळवून देण्याच्या, तारखा चुकवू नका. रोज सकाळी मशीन लावलं की सहा आवाजांची चाचणी घ्या: म, ऊ, ई, आ, श, स. तोंडासमोर कागद धरा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. आवाज आला की मुलाने एक मणी डब्यात टाकायचा. काल ‘स’ला मणी पडत होता आणि आज पडत नाही, तर वायर किंवा बॅटरी बघा, आणि तरीही पडला नाही तर ऑडिओलॉजिस्टला फोन करा. या दोन मिनिटांत महिनाभराचं नुकसान वाचतं.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची, इम्प्लांटला दहा महिने झाले. थेरपीच्या ठिकाणी सांगितलं की घरातल्या खुणा पूर्ण बंद करा, नाहीतर ती आळशी होईल आणि कधीच बोलणार नाही. आम्ही बंद केल्या. आता ती चावते, डोकं आपटते. मी काय करू? (एक आई, भोसरी)

ताई, आज रात्रीपासून तिच्याशी पुन्हा खुणांनी बोला.

‘खुणा केल्या की आळशी होईल’ हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकते आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः ते आयांना ऐकवलं आहे. आम्हाला तसंच शिकवलं होतं. एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चार वर्षांचा मुलगा होता. थेरपीच्या टेबलाखाली आईने त्याचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवलेले. त्याला तहान लागली होती. अंगठा ओठांशी न्यायचा, ही त्याची पाण्याची खूण. तो हात सोडवायला धडपडत होता आणि आई म्हणत होती, “पाणी म्हण. आधी म्हण, मग देते.” तो खूप वेळ रडला आणि मग गप्प झाला. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘सत्राच्या शेवटी शांत बसला.’ हात धरायला त्या आईला मीच सांगितलं होतं.

हा समज आला कुठून? १८८० साली इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते, आणि त्यांनी शाळांमध्ये फक्त बोलणं शिकवावं असा ठराव केला. त्यानंतर जगभरच्या शाळांत मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या. हा ठराव चुकीचा होता असं त्याच परंपरेतल्या परिषदेने व्हँकुव्हरला जाहीर केलं, तेव्हा २०१० साल उजाडलं होतं. मधल्या काळात, १९६० साली, विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेतली खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे हे दाखवून दिलं होतं. आपली भारतीय सांकेतिक भाषाही तशीच. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, ‘तुझं नाव काय’ मधल्या ‘काय’सारखी. घरात चाललेले हातवारे आणि ही भाषा यांत बोबडे बोल आणि मराठी यांच्याइतकं अंतर आहे.

संशोधन काय म्हणतं, हेही लपवत नाही. २०१७ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, घरी खुणा न वापरणाऱ्या इम्प्लांटधारी मुलांचं बोलणं पुढे निघालं. तुमच्या थेरपिस्ट बहुधा त्याच जोरावर बोलत असतील. पण त्या घरांतल्या पालकांना ती भाषा कितपत येत होती, यावरून त्या अभ्यासावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. त्याच्या आधी, २०१४ साली, कर्णबधिर आई-वडिलांच्या घरी जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेल्या आणि नंतर इम्प्लांट झालेल्या मुलांचा अभ्यास झाला. मुलं मोजकीच होती, पण त्यांचं इंग्रजी ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीचं होतं. खुणांमुळे बोलणं मारलं जात असतं, तर या मुलांचं आधी मारलं गेलं असतं.

माझी काळजी वेगळीच आहे. इम्प्लांट झाल्यापासून मुलगी वाक्यं समजू लागेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. काही मुलांत तार, नस किंवा मेंदू यांतलं काहीतरी साथ देत नाही आणि बोलणं मर्यादितच राहतं. ते कोणत्या मुलात होईल हे आधी छातीठोक सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. मग या मधल्या वर्षांत मुलीने विचार कशात करायचा? भूक, भीती, ‘बाबा संध्याकाळी येणार आहेत’, ‘आज नको, उद्या’ हे तिला कशातून कळायचं? भाषेविना गेलेली पहिली पाच वर्षं पुढे कुठल्याही मशीनने भरून निघत नाहीत. अशी बारा-तेरा वर्षांची मुलं माझ्याकडे येतात. त्यांना ‘काल’ आणि ‘उद्या’ यांतला फरक सांगता येत नाही. ती मुलं मंद नसतात. त्यांच्यापर्यंत भाषाच पोचलेली नसते.

आता काय करायचं ते सांगते. मशीन ती जागी असेल तेवढा सगळा वेळ कानावर हवं, यात सूट नाही. ऐकण्याची थेरपी चालूच ठेवा. एखादी गोष्ट आधी फक्त आवाजाने सांगा, कळली नाही तर खुणांनी सांगा, मग पुन्हा आवाजाने. तोंड आणि हात एकाच वेळी चालवू नका, त्यात दोन्ही भाषा मोडक्या होतात. आणि चावणं, डोकं आपटणं यामागे फक्त भाषेची कोंडीच आहे असं मी इथे बसून ठरवणार नाही. मॅपिंगमध्ये आवाज जास्त चढवलेला असला तरी मुलं अशी वागतात. ते तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा. थेरपिस्टना हे उत्तर वाचायला द्या, आणि तरीही ‘हात बांधा’ असंच म्हणाले तर दुसऱ्या कुणाचं मत घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको कर्णबधिर आहोत. मुलगी ११ महिन्यांची, तिलाही ऐकू येत नाही. घरात साइन लँग्वेज आहे. दोन्हीकडचे नातेवाईक ऑपरेशनसाठी मागे लागलेत. नाही केलं तर आम्ही वाईट आई-बाप ठरू का? (कोंढवा)

नाही. कर्णबधिर मुलांपैकी दहात नऊहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या घरात जन्मतात आणि त्यांना भाषेची वाट बघावी लागते. तुमच्या मुलीला ती पहिल्या दिवसापासून मिळते आहे.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘नको’ म्हणायचं असेल तर माहिती घेऊन म्हणा, लांबणीवर टाकून नव्हे. आवाज न पोचलेला मेंदूचा भाग वयाच्या साडेतीन वर्षांपर्यंत आवाज सहज स्वीकारतो, आणि सात वर्षांनंतर फार कमी. मुलगी मोठी होऊन स्वतः ठरवेल, हा पर्याय बोलण्याच्या बाबतीत खरा नाही. सर्जन आणि ऑडिओलॉजिस्ट दोघांनाही भेटा आणि सोबत प्रशिक्षित दुभाषा न्या. दीराला किंवा आईला दुभाषा करू नका, ते त्यांचंच मत सांगतील. इम्प्लांट केलंत तरी तुमची भाषा घरात तशीच राहू द्या.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही, श्रवणयंत्र कधी वापरलं नाही. कर्णबधिर शाळेत सहावीत आहे. एका शिबिरात सांगितलं की इम्प्लांट करा, सहा महिन्यांत नॉर्मल शाळेत जाईल, हप्त्यांची सोय आहे. (शिरूर)

खोटं आहे. या वयात इम्प्लांट केल्यावर दारावरची बेल, गाडीचा हॉर्न कदाचित कळेल. सहा महिन्यांत मराठी माध्यमाचा वर्ग ऐकून समजणार नाही.

हप्ते सांगणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. प्रोसेसर (कानावर लावायचं बाहेरचं मशीन) बंद होत आलेलं मॉडेल आहे का? सुटे भाग किती वर्षं मिळतील? वॉरंटी संपल्यावर वायर, कॉइल, बॅटरी केवढ्याला? काही वर्षांनी प्रोसेसर बदलावाच लागतो, तो केवढ्याला? जमीन गहाण टाकून केलेलं इम्प्लांट एका तुटलेल्या वायरीसाठी डब्यात पडून राहिलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. केंद्र सरकारच्या एडिप या, अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेत इम्प्लांटसाठी जन्मजात बहिरेपणात १ ते ५ वर्षं हा वयोगट आहे. तिचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालतं. लहान मुलांच्या पालकांनी तिथे जरूर चौकशी करावी. तुमच्या मुलाला, ज्याचा विक्रीशी संबंध नाही अशा ऑडिओलॉजिस्टकडून तपासून घ्या. आणि त्याची शाळा सोडवू नका.

प्रश्न : ऑनलाइन तीन हजारांत कानाचं मशीन मिळतं, ते मुलाला चालेल?

नाही. सगळेच आवाज सारखे मोठे करणारं यंत्र मुलाचं उरलेलं ऐकणंही घालवू शकतं.

प्रश्न : माझं लग्न मामाच्या मुलीशी झालं आहे. पहिलं मूल कर्णबधिर. काही जण ग्रहणाचं सांगतात. दुसऱ्या मुलाचं काय? (बारामती)

ग्रहणाचा काही संबंध नाही. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक, एवढा धोका राहतो. पत्नीला दोष देऊ नका, जनुक दोघांकडून येतं. दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी जनुकीय समुपदेशन घ्या.

प्रश्न : आम्हाला मुलीसाठी सांकेतिक भाषा शिकायची आहे. सुरुवात कुठून करू? (कोथरूड)

कर्णबधिर माणसांपासून. शहरातल्या कर्णबधिर शाळांमध्ये आणि संघटनांमध्ये चौकशी करा, आठवड्यातून दोनदा एखादी कर्णबधिर ताई किंवा दादा घरी येईल असं बघा. मुलीलाही आपल्यासारखं मोठं झालेलं कुणीतरी दिसायला हवं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मोबाइलवर फुकट बघता येतो. रोज पाच शब्द घ्या, पण सगळ्या घराने. एकट्या आईने शिकलं तर मुलगी जेवायच्या टेबलावर एकटीच राहते.

प्रश्न : इम्प्लांट असताना पोहता येतं का? एमआरआय चालतो का?

पोहताना बाहेरचं मशीन काढून ठेवा, किंवा त्या कंपनीचं पाण्यासाठीचं आवरण मिळत असेल तर ते वापरा. एमआरआयचं मॉडेलवर अवलंबून आहे, आत लोहचुंबक असतं. इम्प्लांटचं कार्ड मुलाच्या दप्तरात कायम ठेवा आणि सर्जनना विचारल्याशिवाय त्याला एमआरआयच्या खोलीत नेऊ नका.