तारीख पुढे जाते, दिवस कसा काढावा?

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून यजमान गेल्यापासून सांगलीत एकटी राहते. मुलगा आणि सून पुण्यात असतात. यंदा (२०२१) १४ एप्रिलला कोरोनाचे निर्बंध लागले तेव्हा ते १ मेपर्यंत राहतील असे सांगितले होते, म्हणून मी कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलीने गोल केला. पुढे तो खोडून १५ मेला केला आणि आता १ जूनला केला आहे. कोव्हिशील्डचा पहिला डोस २४ मार्चला घेतला, दुसराही लांबला. याच महिन्यात शेजारच्या वहिनी रुग्णालयातच वारल्या. २२ वर्षांचा शेजार, पण त्यांच्या घरी घटकाभर जाऊन बसताही आले नाही. रात्री दोन-अडीचला जाग येते, ती पुन्हा डोळा लागत नाही. मुलाला काळजी नको म्हणून ‘मी मजेत आहे’ असेच सांगते. माझे मन दुबळे झाले आहे का?

उत्तर : बाई, तुमचे मन दुबळे झालेले नाही. जी तारीख पाळणे कोणाच्याच हाती नव्हते तिच्यावर तुम्ही सगळी भिस्त ठेवली आणि ती दोनदा खोडावी लागली. तिसरा गोल करताना हात जड झाला असेल तर ते स्वाभाविकच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की १ जूनचा गोल आजच पुसून टाकावा. निर्बंध उठले तर उत्तम, परंतु तुमचा रोजचा दिवस त्या घोषणेसाठी अडून राहू नये. लशीचे तसे नाही. १३ मे रोजी दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. २४ मार्चपासून १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस मोजले की १६ जून येतो. ही तारीख मोजून काढता येते, तेव्हा गोल करायचाच तर तिथे करा आणि त्यानंतरच्या दिवसांसाठी लसनोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर वेळ मिळवण्याचे काम मुलाकडे सोपवा. आईसाठी इथून काहीच करता येत नाही, या विचाराने तोही आतून पोखरला जात असेल.

तुमच्या पत्रात वहिनींचा उल्लेख दोन-तीन ओळींतच आला असला, तरी मला वाटते की तुमची झोप तिथेच अडकली आहे. आपल्याकडे माणूस गेले की समाचाराला जातात. तिथे कोणी फार बोलत नाही. चहाचा कप हातात घेऊन तेच तेच पुन्हा सांगितले जाते, शेवटी काय खाल्ले, काय बोलल्या, आणि ते दहा जणांना दहा वेळा सांगता सांगता घरच्यांना झालेली गोष्ट हळूहळू खरी वाटू लागते. शेजाऱ्यांनाही वाटू लागते. यंदा ते सगळेच राहून गेले आणि त्याच्या जागी मोबाइलवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढे दोन शब्द आले, ज्यांनी हे काम होत नाही. तुम्ही वहिनींच्या घरी हाताने पत्र लिहावे, असे मी मनापासून सुचवते. त्यात सांत्वनाची वाक्ये नकोत. त्यांनी तुमच्याकडे एखादी बरणी ठेवायला दिली असेल, पहाटे पाणी आले की भिंतीवर टकटक केली असेल, अशी त्यांची एक गोष्ट सविस्तर लिहा आणि पाकीट दाराच्या कडीला अडकवून या. त्या घरीही कोणी आलेले नाही, हे ध्यानात असू द्या. निर्बंध सैल झाले की प्रत्यक्ष जा. महिना उलटला म्हणून संकोच करू नका.

एकटेपणाविषयी लिहिताना मला प्लेगचे दिवस आठवतात, अर्थात ऐकलेले. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात साथ आली, पुढे ती कितीतरी वर्षे फिरत राहिली, आणि उंदीर पडू लागले की गाव घरांना कुलपे लावून रानात झोपड्या घालून राही. घर सुटे, पण शेजार बरोबर येई. आजचा आजार माणसाच्या श्वासातून पसरतो, म्हणून घर राहिले आणि शेजार सुटला. हे ओझे त्या लोकांच्या ओझ्याहून वेगळे आहे, आणि म्हणूनच ‘आपल्या आजी-पणजींनी सोसलेच ना’ असे कोणी म्हटले तर मनाला लावून घेऊ नका.

त्यावर उपाय म्हणजे कोणीतरी ठरावीक वेळी आपली वाट पाहत असणे. सवड मिळेल तेव्हा येणारा फोन दिवसभर कान टवकारायला लावतो. सकाळी साडेआठला येणारा फोन अंघोळ, चहा आणि देवपूजा यांना जागा लावून देतो. मुलाशी अशी वेळ ठरवा आणि ‘मजेत आहे’ऐवजी ‘काल अडीचला जाग आली’ असे सांगा. खरे कळले की काळजी वाढत नाही. अंदाज करावा लागला की वाढते. एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या मुलाला संध्याकाळी फोनवर अर्धा तास पाढे घेता आले तर जरूर घ्या. शाळा बंद असल्याने ते मूलही घरात कोंडलेले आहे.

१८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले, हा आकडा तुम्ही टीव्हीवर कितीदा तरी पाहिला असेल, परंतु त्यातून तुम्हाला करण्यासारखे काही हाती आले नाही. बातम्या दिवसातून एकदाच, जेवणाआधी पाहा. त्याऐवजी एका कागदावर तुमच्या डॉक्टरांचा, औषधाच्या दुकानाचा आणि रात्री हाक मारल्यावर येईल अशा एका शेजाऱ्याचा नंबर ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा, ऑक्सिमीटरचे सेल तपासून ठेवा. रात्री जाग आली तर घड्याळाकडे पाहत पडून राहू नका. उठून खुर्चीत बसा, डोळे जड झाले की पुन्हा अंथरुणावर या, मात्र सकाळी उठायची वेळ बदलू नका. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवण जाईनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ताबडतोब डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. ११ एप्रिलची एमपीएससीची संयुक्त पूर्व परीक्षा दोन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि मी पुण्याहून गावी परतलो. घर भरलेले असूनही एकटे वाटते. वडील रोज परीक्षेची तारीख विचारतात.

उत्तर : तुमची अभ्यासिका सुटली आहे, हे घरच्यांना दिसत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला पाहून तुम्ही रात्री अकरापर्यंत बसत होता. ती सोबत फोनवर उभी करा, ठरलेल्या तासाला सगळ्यांनी फोन सुरू ठेवून न बोलता वाचावे. वडिलांना रोज तारीख सांगता येणार नाही, पण आज कोणता विषय कुठवर आला ते सांगता येईल, आणि बहुतेक वडिलांना तेच ऐकायचे असते. मृगाला आता फार दिवस राहिलेले नाहीत. घरची शेती असेल तर पेरणीचे किती दिवस रानात जातील हे त्यांच्याशी आजच बोलून ठरवा आणि उरलेल्या दिवसांचे तास मित्रांना कळवा.