तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : मांडी घालून बसलेला गिटारवाला

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर जॉन मॅक्लॉफलिन लावून बसतो. मी नाट्यसंगीत ऐकणारी, मला तो गोंगाट वाटतो. पण परवा त्याच्याच एका रेकॉर्डवर झाकिर हुसेनचा तबला ऐकला आणि चक्रावले. हा मॅक्लॉफलिन नक्की कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, चक्रावणारच, कारण तुम्ही ऐकलेलं दोन्ही त्याचंच आहे. जन्म 1942 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, आई व्हायोलिन वाजवायची, हा अकराव्या वर्षी गिटारला लागला, मग लंडनच्या क्लबांमधून वाजवत वाजवत 1969 मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि तिथे जेमतेम काही दिवस झालेत तोवर जॅझमधला नामवंत ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बमच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. माइल्सने सांगितलं काय, तर गिटार येतच नाही असं समजून वाजव! आणि त्याने तसंच वाजवलं, एकदम साधं, जपून. मला तो सगळा अल्बम त्या एका सूचनेसाठी आवडतो.

तुम्हाला गोंगाट वाटतो तो बहुतेक त्याचा बँड महाविष्णू ऑर्केस्ट्रा, 1971 चा. महाविष्णू हे नाव त्याला गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार, बिली कॉबहॅमचे ड्रम्स, आवाज प्रचंड, पण त्या आवाजाखाली हिशोब पक्का असतो, अठरा मात्रांची आवर्तनं वगैरे. मुलाला सांगा जरा हळू लाव, आणि तुम्ही मात्रा मोजा. नाट्यसंगीताचा कान आहे तुमचा, सापडेल.

प्रश्न : मॅक्लॉफलिनच्या ‘शक्ती’ या बँडच्या जुन्या रेकॉर्डवर गिटार मधेच सतार किंवा वीणेसारखी का वाटते? काही इफेक्ट लावलाय का?
– एक गिटार शिकणारा, नाशिक

उत्तर : इफेक्ट नाहीये रे, गिटारच वेगळी आहे! एब वेक्टर नावाच्या कारागिराने गिब्सन या गिटार कंपनीसाठी ती बनवली. नेहमीच्या सहा तारा तर आहेतच, पण त्यांच्या खालून पोटावर तिरक्या सात तारा गेल्यात, आपल्या सतारीच्या तरफा असतात तशा, रागाप्रमाणे लावायच्या आणि वरची तार छेडली की त्या आपोआप गुंजतात. आणि दोन फ्रेट्समधलं, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं, लाकूड कोरून खोलगट केलंय. तुझ्या गिटारवर बोट दाबलं की लाकडाला टेकतं ना, इथे ते टेकत नाही, खाली मोकळी जागा असते, त्यामुळे तार ओढून मींड काढता येते, गमक घेता येते. म्हणून तुला वीणा ऐकू येते.

त्यात त्याने खरोखरची वीणाही शिकून घेतली होती, अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे. म्हणजे बघ, महाविष्णूमुळे जगभर नाव झालेलं असताना हा माणूस दुसऱ्या वाद्याचा विद्यार्थी होऊन बसला आणि मग ती मोठमोठी अँप्लिफायरं सोडून एल. शंकरचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम आणि झाकिरभाईंचा तबला यांच्यात मांडी घालून वाजवायला लागला. मला त्याच्या सगळ्या करिअरमध्ये हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, वेग तर काय, रियाझाने बऱ्याच जणांना येतो.

प्रश्न : तबला शिकतोय. मॅक्लॉफलिन कुठून ऐकायला सुरुवात करू? आणि ते अजून वाजवतात का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मधे हाताच्या संधिवाताने त्याला खूप छळलं, 2017 मध्ये अमेरिकेतला निरोपाचा दौराही करून झाला, पण 2023 मध्ये ‘शक्ती’चा नवा अल्बम आलाच, झाकिरभाई, शंकर महादेवन, सेल्वागणेश, गणेश राजगोपालन सगळे आहेत, 2024 ला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात झाकिरभाई गेले. ते लिहितानाही हात थांबतो.

सुरुवात ‘सॅटर्डे नाईट इन बॉम्बे’पासून कर, 2001 मध्ये आलेला अल्बम, आपल्या मुंबईतच रेकॉर्ड झालेला, शिवकुमार शर्मांचं संतूरही आहे त्यात. शेजारी तबला ठेवू नको, फक्त हाताने टाळी धर, आणि गिटारची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तुकडा, समेवर येते तेव्हा तुझी टाळीही तिथेच पडते का बघ.