साठीकडे झुकताना वजनं उचलून हाडं मजबूत होतात का?

तुम्ही लिहिलंय की वय ५७ आहे, रोज तासभर चालता, तरी डेक्सा तपासणीत हाडांची घनता कमी निघाली. आता वजनं उचलून काही फरक पडेल का? पडतो. मी स्वतः ५८व्या वर्षी सुरुवात केली.

चालणं सोडू नका, पण हाडांना त्याची सवय झालेली असते. हाड आयुष्यभर थोडं थोडं झिजवलं जातं आणि पुन्हा बांधलं जातं. नेहमीपेक्षा जास्त भार आला की ते अगदी सूक्ष्म वाकतं. हाडाच्या आतल्या पेशींना ते जाणवतं आणि बांधकाम सुरू होतं. टेनिसपटूचा रॅकेट धरणारा हात आठवा, त्यातलं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळात भारच नसतो, तिथे कमरेच्या हाडाची घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटते.

म्हणून भार खराखुरा हवा. मी आधी कितीतरी महिने एकेक किलोची डंबेल्स वीस-वीस वेळा उचलत होते. घाम यायचा, बाकी काही नाही. मग प्रशिक्षकांनी डेडलिफ्ट शिकवली, म्हणजे जमिनीवरचा वजनं लावलेला बार उचलून सरळ उभं राहायचं. बार नडगीला जवळजवळ चिकटलेला, पाठ सरळ, टाचा जमिनीत रोवलेल्या. पाचव्या वेळेला बार जमिनीवरून सुटताना क्षणभर अडतो, मग हळूहळू वर येतो. तो अडण्याचा क्षण आला की मला बरं वाटतं, कारण वजन योग्य आहे हे तिथेच कळतं. ते सोपं झालं की थोडं वाढवायचं.

ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर या अभ्यासात हाडं विरळ झालेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास असाच जड व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केला. ८ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्के वाढली.

ताकद मात्र आधी वाढते. पहिल्या काही आठवड्यांत मुख्यतः नसा स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू भरायला दोन-तीन महिने जातात, त्यासाठी पोटात पुरेशी प्रथिनंही हवीत. हाड सगळ्यात सावकाश. त्यामुळे चार महिन्यांत पुन्हा डेक्सा करून हिरमुसू नका, निदान वर्षभर थांबा.

एक कळकळीची विनंती: मणक्यात आधीच बारीक फ्रॅक्चर नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि पहिले दोन महिने बारऐवजी नुसती काठी हातात घेऊन, कंबरेतून नव्हे तर खुब्यातून वाकायला शिका.