दारू सुटली, गोळ्याही सुटल्या. कंबर मात्र सोडत नाही

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ४४, राहणार निफाड तालुका. ऐन विशीपासून ट्रकवर आहे. कांदा भरून लासलगावहून वाशी, कधी बंगळूर, चेन्नई. दारू पंधरा-सोळा वर्षं होती. त्यातच कंबर धरली, मग हायवेवरच्या एका मेडिकलमधून ट्रॅमाडॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. शेवटी शेवटी दिवसाला आठ-दहा व्हायच्या. मध्ये एका ठिकाणच्या पुड्याही घेतल्या, तीन दिवसांत ठणठणीत वाटायचं. गेल्या दिवाळीच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो. तेव्हापासून दारू बंद, गोळ्या बंद, रोज सकाळी डायसल्फिराम, म्हणजे दारूपासून दूर ठेवणारी गोळी, बायको हातावर ठेवते. पण दुखणं आता आधीपेक्षा जास्त वाटतं. उजव्या कुल्ल्यातून मांडीपर्यंत येतं, व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला सतरंजीवर मांडी घालून बसलो की जांघेत कळ येते. एमआरआयमध्ये एल ४ - एल ५ ची गादी सरकली असं लिहिलंय. पट्टा वापरतो. डॉक्टर म्हणतात, थोडे दिवस 'स्ट्राँग' गोळी घ्या. बायको म्हणते, सोसा पण गोळी नको. सासरे दशमूलारिष्टाची बाटली घेऊन आलेत. जुने सोबती म्हणतात, रात्री एक पेग घे, झोप लागेल. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : भाऊ, गोळीचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातल्या जांघेतल्या कळेपाशी मी थांबले आहे, कारण ती मला कमरेची वाटत नाही.

कमरेच्या मणक्यातून निघणारी कळ बहुतेकदा कुल्ल्यातून मांडीच्या मागून किंवा बाहेरच्या बाजूने खाली उतरते, काहींना थेट पावलापर्यंत. जांघेत दुखणं आणि मांडी घालता न येणं ही बहुतेकदा खुब्याच्या सांध्याची तक्रार असते. आणि तुमच्याबाबतीत खुब्याकडे बघायला दोन कारणं आहेत. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरत जातो, त्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. अपघात सोडले तर या आजाराची दोन सर्वांत मोठी कारणं म्हणजे वर्षानुवर्षांची भरपूर दारू आणि स्टेरॉइड. तीन दिवसांत ठणठणीत करणाऱ्या पुडीत बरेचदा काय असतं, हे आमच्या ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही विचारा. नाव जडीबुटीचं, आत स्टेरॉइड. तुमच्या पुडीत तेच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण शंका घ्यायला जागा आहे.

घरी एक करून बघा. पाठीवर झोपा, उजवा गुडघा वाकवून मांडी सरळ वर उभी करा आणि बायकोला पोटरी धरून पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. मग डाव्या पायाचं तसंच करा. उजवा पाय लवकर अडला आणि जांघेत कळ आली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा आणि 'दोन्ही खुब्यांचा एमआरआय करायचा का?' असं स्पष्ट विचारा. दोन्ही अशासाठी, की हा आजार पुष्कळदा दोन्हीकडे असतो आणि एक बाजू गप्प असते. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा एव्हीएन दिसतच नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर परत येऊ नका. गोळा खचायच्या आत कळलं, तर सांधा वाचवायचे उपाय असतात. खचला की बहुतेकदा सांधा बदलावा लागतो. तपासणी होईपर्यंत केबिनमधून खाली उडी मारायची नाही. तोंड केबिनकडे करून, दोन्ही हातांनी दांडा धरून, एकेक पायरी उतरायचं.

आता तुमच्या एमआरआयबद्दल. 'गादी सरकली' हे शब्द वाचून माणूस स्वतःला मोडका समजू लागतो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहिलेला एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांपैकी ५० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे तुमची गादी फुगली असेल, पण तिच्यामुळेच दुखतंय हे नुसत्या कागदावरून ठरत नाही. पट्टा सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत कमरेचे पट्टे नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत असं म्हटलं आहे, आणि अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांबद्दलही हेच.

म्हणजे 'स्ट्राँग' गोळीचं उत्तर निम्मं तिथेच मिळालं. उरलेलं निम्मं तुमच्या स्वतःच्या शरीरात आहे. ट्रॅमाडॉल त्याच कुळातली. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की मज्जासंस्था दुखण्याला जास्त संवेदनशील होते, आणि गोळी बंद केल्यावर काही काळ तर फारच. गाडी न्यूट्रलला उभी आहे आणि रिव्हर्सचा भोंगा वाजतोच आहे, असं ते असतं. भोंगा खरा असतो, तुम्ही नाटक करत नाही. बायकोलाही हे वाचून दाखवा. ही संवेदनशीलता हळूहळू उतरते, पण पुन्हा तीच गोळी घेतली तर उतरणं थांबतं.

त्या डॉक्टरांना तुम्ही ट्रॅमाडॉलचं सांगितलंत का? पत्रात तसं कुठे नाही. दारूचं लोक सांगतात, गोळ्यांचं लपवतात, कारण गोळी 'औषध' असते. मी दर आठवड्याला व्यसनमुक्ती केंद्रात रुग्ण बघायला जाते, तिथे हे सतत दिसतं. केसपेपरच्या सगळ्यात वर लिहून घ्या : 'ट्रॅमाडॉल व दारूचं व्यसन होतं, सध्या बंद, डायसल्फिराम चालू.' दातांचे डॉक्टर असोत की गावातला दवाखाना, हा कागद आधी दाखवायचा. मेडिकलवाल्यालाही. २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय ती देणं गुन्हा आहे. पण खरा धोका वेगळाच : ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत घातलेल्या पट्ट्या मिळतात आणि वरचं नाव काहीतरी तिसरंच असतं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय एकही गोळी तोंडात टाकू नका. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीतही हीच शिस्त. प्रीगाबालिन 'नसांची गोळी' म्हणून सर्रास लिहिली जाते. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला तिचीही ओढ लागू शकते, आणि साध्या कंबरदुखीत तिचा फारसा उपयोग नाही.

मग घ्यायचं काय? आधी यकृत आणि किडनीच्या रक्ततपासण्या, सोबत बी १२. (पायाच्या तळव्यांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा, जुन्या दारूने आणि क्वचित डायसल्फिरामनेही नसा दुखावतात.) रिपोर्ट बरे असतील तर पॅरासिटामॉल, पण तुमच्यासारख्याला दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त चार. डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरवणारी गोळी थोडेच दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण तुमच्या जठराने आधीच खूप सोसलंय. मलम आणि गरम पाण्याची पिशवी मात्र बिनधास्त.

दशमूलारिष्टाची बाटली आजच परत द्या. सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, तसं त्यांना सांगाही. पण आसव आणि अरिष्ट आंबवून करतात, त्यात मद्यार्क तयार होतोच. डायसल्फिरामवर असताना तो पोटात गेला तर तोंड लाल होणं, छाती धडधडणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं हे सगळं होऊ शकतं. डायसल्फिराम थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. खोकल्याची औषधंही तपासून घ्या.

पेगबद्दल तुम्हाला मी वेगळं काय सांगू? फक्त झोपेचं सांगते. दारूने डोळा लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धातली झोप मोडते, आणि झोप मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांच्या ढाब्यावर सध्या गाडी थांबवू नका.

आणि तुमच्या बायकोचं 'सोसा'. त्यांची भीती मला कळते. पट्ट्या मोजून, खिसे तपासून त्यांनी वर्षं काढली असतील. पण नुसतं सोसत राहणंही सुरक्षित नाही. मीटिंगमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळायला शिकवतात. तुमच्यासाठी दुखणं ही पाचवी. न उपचारलेल्या दुखण्याने चार रात्री झोप नसलेला माणूस हायवेवर रात्री दोन वाजता मेडिकलचा हिरवा दिवा बघतो, तेव्हा त्याच्याकडे आधीच ठरवलेलं काहीतरी हवं. म्हणून दोघांनी बसून आजच ठरवा : औषधाचा डबा बायकोकडे, आणि तो तिच्याकडे असावा हे तुम्ही तिला स्वतः सांगायचं. गाडीवर जाताना मोजकंच सोबत. दुखणं चढलं की आधी गाडी बाजूला, दहा मिनिटं पाय मोकळे, मग स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या तुमच्या जाणत्या सोबत्याला फोन, मग पॅरासिटामॉल. फोन गोळीच्या आधी.

खुबा ठीक निघाला, तर तुमचं मुख्य औषध हालचाल आहे. रोज सपाट रस्त्यावर चालणं, दहा मिनिटांपासून सुरू करून वाढवत न्यायचं, दुखणाऱ्या दिवशी कमी पण शून्य नाही. फिजिओथेरपिस्टकडून कंबर आणि कुल्ल्याचे तीन-चारच व्यायाम शिकून घ्या, वीस शिकलात तर एकही होणार नाही. ट्रकच्या सीटचे हादरे कमरेला खरोखर बाधतात, तेव्हा सीटचा फोम बदला, दर दोन तासांनी उतरा, मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. पोती उचलणं सध्या बंद. विडी ओढत असाल तर तीही कमी करत न्या, मणक्यांच्या गाद्यांना ती मानवत नाही. मीटिंगला खुर्ची मागून घ्या. तिथे कुणीही काही म्हणणार नाही.

खुब्याचं ऑपरेशन निघालंच, तर घाबरून नकार देऊ नका. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसालाही ऑपरेशननंतर पुरेशी वेदनाशामकं मिळायलाच हवीत, हा त्याचा हक्क आहे. भूलतज्ज्ञांना आधी भेटून सगळं सांगा. नसेभोवती इंजेक्शन देऊन पाय बधिर ठेवता येतो, त्यामुळे तीव्र गोळ्या कमी लागतात. लागल्याच तर रुग्णालयात, ठरावीक दिवसांसाठी, आणि घरी येताना पट्टी बायकोच्या हातात.

काही लक्षणांत माझ्या उत्तराची वाटही बघू नका : लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेभोवती बधिरपणा, पाऊल उचलता न येणं. यांत त्याच दिवशी मोठं रुग्णालय. रोज संध्याकाळी ताप येऊन वजन घटत असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी.

आणि एखाद्या रात्री गोळी घेतली गेलीच, तर पूर्वीच्या मापाने दुसरी घेऊ नका. सवय मोडलेल्या शरीराला आठ-दहा गोळ्या आता झेपणार नाहीत, त्यात झटके येऊ शकतात, श्वासही थांबू शकतो. त्याच रात्री बायकोला सांगा, सकाळी केंद्रात फोन करा. केंद्राचा फोन लागला नाही तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. केंद्रात तुम्हाला कुणी हाकलणार नाही, फॉलोअपला आलेला माणूस तिथे सगळ्यांना हवाच असतो.

खुब्यांचा रिपोर्ट आला की त्याची प्रत आणि रक्ताचे आकडे मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकाची वाट न बघता उत्तर देईन.