स्पेसिफिकेशन लिहिलं की फॉल्ट-टॉलरंट सिस्टिम आपोआप तयार होते का?

तुम्ही विचारलंय की, सोलापुरात शेवटच्या वर्षाला आहे, नियम (म्हणजे स्पेसिफिकेशन) लिहून दिले की मशीन बंद पडली तरी चालणारी (फॉल्ट-टॉलरंट) डिस्ट्रिब्युटेड, म्हणजे अनेक मशीनवर मिळून चालणारी, सिस्टिम आपोआप बनवणारं टूल प्रोजेक्ट म्हणून घेऊ का?

कुठल्याही नियमांवर चालेल असं टूल होणारच नाही. एका प्रोसेससाठी, म्हणजे एकट्याने चालणाऱ्या प्रोग्रामसाठी, हे जमतं, फक्त वेळ भयानक लागतो. पण एकीला कळलेलं दुसरीला कळत नाही अशा दोन प्रोसेस आल्या, की कुठलाच अल्गोरिदम प्रत्येक स्पेसिफिकेशनचा निकाल लावू शकत नाही. प्नुएली आणि रोझनर या संशोधकांनी 1990 मध्येच हे सिद्ध केलंय.

तरीही विषय सोडू नका, लहान करा. मी इथल्या टॉवेलवाल्यांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून उदाहरण त्यातलंच देतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना, नवी पेठेतलं दुकान आणि होटगी रोडचं गोडाऊन, तिन्हीकडे स्टॉकची एकेक कॉपी. नियम असा: एक लॉट दोन व्यापाऱ्यांना जायचा नाही. एवढंच लिहिलंत तर सॉल्व्हर (अटींत बसणारं उत्तर शोधणारा प्रोग्राम) काहीच न विकणारी सिस्टिम हातात देईल, आणि ती नियमाने बरोबर असेल. म्हणून 'मागणीला कधीतरी उत्तर मिळालंच पाहिजे' हेही लिहावं लागतं.

मग बिघाड. किती मशीन बंद पडू शकतात, मेसेज हरवतो की नुसता उशिरा येतो, हे सगळं स्पेसिफिकेशनमध्येच हवं. एक मशीन फक्त बंद पडणार असेल तर तीन पुरतात. ती खोटं बोलू शकत असेल आणि मेसेजवर डिजिटल सही नसेल, तर चार लागतात.

आता प्रोटोकॉलचा, म्हणजे मशीननी आपसात कसं ठरवायचं याचा, सांगाडा तुम्ही लिहा: प्रत्येक मशीन एका लॉटसाठी एकालाच मत देते, 'क' मतं मिळाली की विक्री पक्की. 'क' किती, ते सॉल्व्हरला शोधू द्या. 3 ठेवलं तर एक मशीन बंद पडताच सगळं अडतं. 1 ठेवलं तर दुकान आणि गोडाऊन तोच लॉट दोघांना देऊन बसतात. 2 ठेवलं तर कुठल्याही दोन बहुमतांत एक मशीन सामाईक असतं, आणि ते दुसऱ्यांदा मत देत नाही. पण चेकर (सगळ्या शक्यता तपासून चूक शोधणारा प्रोग्राम) इथेही थांबत नाही: एक मशीन बंद, उरलेल्या दोघांनी वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना मत दिलं, लॉट तसाच अडकला. मतदानाच्या फेऱ्या वाढवून सुटेल असं वाटतं, पण मेसेजला किती उशीर होईल याची मर्यादाच नसेल तर एक मशीन बंद पडण्याची शक्यताही एकमताची खात्री घालवते. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा 1985 चा निकाल हाच. म्हणजे वेळेबद्दल एखादं गृहीतक स्पेसिफिकेशनमध्ये घालावंच लागणार. मला या विषयात सगळ्यात आवडतं ते हेच. आपण न लिहिलेली अट कुठली, ते टूल अशा एकेका उदाहरणाने दाखवून देतं.

2017 मध्ये लाझिच, कोनोव्ह, विडर आणि ब्लोएम यांनी असेच 'क' आपोआप शोधून दाखवले, तेही मशीनची संख्या ठरलेली नसताना. तुम्ही तीनच मशीन घ्या. आधी टीएलए प्लस या स्पेसिफिकेशनच्या भाषेत मॉडेल लिहा, 'क' हाताने बदलत चेकर चालवा, मग तो शोध झेड-थ्री या सॉल्व्हरकडे सोपवा. गाइडना पहिल्या भेटीत स्क्रीन नका दाखवू, तो अडकलेला लॉट दाखवा.