‘चुलत’मध्ये चूल शोधू नका

प्रश्न असा आहे: सणाला नातेवाईक जमले, लहानपणच्या आठवणी निघाल्या, कोणाकडे काय चाललंय ते सांगून झालं. त्यात प्रश्नकर्तीने आईच्या चुलतबहिणीचा उल्लेख ‘चुलतमावशी’ असा केला. घरातल्या एका जाणत्यांनी तिला तिथंच थांबवलं. चुलत हे फक्त वडिलांकडचं, आणि ज्यांची चूल वेगळी ते चुलत अशी व्युत्पत्तीच आहे, मग मावशी चुलत कशी होईल, असं त्यांचं म्हणणं. खरं काय?

व्युत्पत्ती आधी घेतो, कारण ही चुलीची गोष्ट हल्ली फार पसरली आहे. व्याख्यानांत येते, सकाळच्या सुविचारांबरोबर फिरते, आणि ‘बघा, आपली भाषा किती अर्थपूर्ण’ असं म्हणत लोक ती पुढे ढकलतात. ती साफ चूक आहे.

कोश न उघडताही ती टिकत नाही. एकत्र कुटुंबात दोघे भाऊ, त्यांच्या बायका, पोरं सगळी एकाच चुलीवर जेवायची. म्हणजे चूल सामाईक असायची ती नेमकी चुलत्याशीच. मामाची चूल वेगळी, आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरच्या चुलीपाशी गेलेली, मावशी तिसऱ्याच घरात. वेगळी चूल हीच कसोटी असती तर मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ हे सगळे चुलत ठरले असते, आणि चुलतभावालाच तेवढं चुलत म्हणता आलं नसतं. उलट, वाटण्या होऊन सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी ते एकमेकांचे चुलत होत नाहीत.

शब्दाची घडणही तेच सांगते. ‘मामे’ हे मामावरून, ‘आते’ आत्यावरून, ‘मावस’ मावशीवरून. तसं ‘चुलत’ हे चुलत्यावरून. आधी माणूस, मग विशेषण. तेव्हा मूळ शोधायचं ते ‘चुलता’ या शब्दाचं. चुलीवरून चुलता करायचा म्हटलं तर त्या ‘ता’चं काय करणार? नामाला ‘ता’ जोडून मराठीत माणूस तयार होत नाही.

चुलता म्हणजे चुल्ल + तात. चुल्ल म्हणजे लहान, तात म्हणजे बाप. धाकटा बाप, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. तातातला शेवटचा ‘त’ प्राकृतात गळतो, ‘ताअ’ होतं, पुढे ‘ता’. जोडाक्षरातला एक ‘ल’ मराठीत जातो. चुल्लतात, चुल्लताअ, चुलता. चूल हा शब्द संस्कृत-प्राकृत ‘चुल्ली’वरून आला, तिथंही ‘ल्ल’चा ‘ल’ झाला, म्हणून दोन्ही आज सारखे दिसतात. या दिसण्यापलीकडे त्यांचा संबंध नाही.

हा ‘चुल्ल’ मराठी माणसाला अनोळखी वाटतो, पण जुन्या बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत तो पावलोपावली भेटतो. भिक्षूंच्या नियमांच्या विनयपिटकात महावग्ग आणि चुल्लवग्ग: मोठा भाग, लहान भाग. सिंहलद्वीपाच्या, म्हणजे श्रीलंकेच्या इतिहासात महावंस आणि त्यापुढचा चूळवंस (चूळ हे चुल्लचंच दुसरं रूप). बुद्धाच्या शिष्यांत दोन सख्खे भाऊ आहेत, थोरला महापंथक आणि धाकटा चूळपंथक. जैनांच्या भूगोलात दोन पर्वत आहेत, महाहिमवंत आणि चुल्लहिमवंत. ‘महा’ची जोडी ‘चुल्ल’शी, हा नेहमीचा साचा. घरात वडिलांच्या भावांना वेगळं ओळखायची वेळ आली तेव्हा तोच साचा हाताशी होता.

आता चुल्ल कुठून? संस्कृत ‘क्षुद्र’. ‘द्र’चा ‘ल्ल’ होणं ही प्राकृतातली ओळखीची वाट आहे: भद्रचं भल्ल होऊन आपलं ‘भला’ आलं, आर्द्रचं ओल्ल होऊन ‘ओला’ आलं. तसं क्षुद्रचं क्षुल्ल. आणि क्षुल्ल आपण रोज वापरतो, ‘क्षुल्लक’ या शब्दात! ‘क्षुल्लक कारणावरून चुलत्या-पुतण्यात वाद’ असं वाचताना, त्या वाक्याच्या दोन टोकांना एकाच मुळाचे दोन शब्द बसलेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या दिगंबर जैन घरांत ‘क्षुल्लक’चा मूळ अर्थ अजून जिवंत आहे: पूर्ण मुनिदीक्षेच्या अलीकडच्या पायरीवरचा, दोन वस्त्रं बाळगणारा त्यागी म्हणजे क्षुल्लक. एकच वस्त्र ठेवणारा तो ऐलक. इथं क्षुल्लक म्हणजे बिनमहत्त्वाचा नाही, धाकटा.

इथं मला काही कोशप्रेमींशी भांडायचं आहे. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात ‘क्षुल्लतात’ हा शब्द वडिलांचा धाकटा भाऊ या अर्थाने आहे. तेवढं बघून ‘संस्कृत क्षुल्लतातचा अपभ्रंश चुलता’ असं लिहून मोकळे होतात. पण त्याच कोशात त्या नोंदीपुढे खूण आहे की हा शब्द ग्रंथांतून नव्हे, जुन्या कोशकारांकडून मिळालेला आहे. आणि क्षुल्ल हे मुळात क्षुद्रचं प्राकृत रूप, हेही तिथंच म्हटलं आहे. हे रूप जुनं किती, तर अथर्ववेदात (२.३२.५) कृमी मारण्याच्या सूक्तात बारीकसारीक कृमींना ‘क्षुल्लक’ म्हटलं आहे. म्हणजे बोलीतला शब्द वेदकाळातच वर चढला होता. चुलता हा बिघडलेला संस्कृत शब्द नाही. लोक घरात जे बोलत होते त्यालाच कोशकारांनी संस्कृत कपडे चढवले. शिवाय मराठीत ‘क्ष’ प्राकृत ‘छ’च्या वाटेने आला की त्याचा ‘स’ किंवा ‘श’ होतो: क्षुरिकाची सुरी, क्षेत्रचं शेत, मक्षिकेची माशी, इक्षूचा ऊस. थेट त्या वाटेने आला असता तर ‘सुलता’ झाला असता. ‘च’ आहे, कारण पाली-प्राकृतातच तो ‘चुल्ल’ होऊन बसला होता.

तरीही चुलीचा मोह सुटत नसेल त्यांनी बंगालीकडे बघावं. तिथं वडिलांच्या धाकट्या भावाला भारदस्त भाषेत ‘खुल्लतात’ म्हणतात, बोलण्यात ‘खुडो’. थोरला भाऊ ‘ज्येष्ठतात’, बोलण्यात ‘जेठा’. ‘क्ष’चे दोन उच्चार दोन प्रांतांत रुजले, आपल्याकडे च, त्यांच्याकडे ख. त्यांच्या खुल्लतातात चूल कुठून आणणार? दक्षिणेला कन्नडात वडिलांचा थोरला भाऊ दोड्डप्प, मोठा बाप, आणि धाकटा चिक्कप्प, लहान बाप. चिक्कप्प आणि चुलता अर्थाने तंतोतंत एक आहेत.

मग मराठीतला ज्येष्ठतात कुठे गेला? याबद्दल माझं एक मत आहे आणि मी ते धरून आहे. एकत्र घरात थोरला भाऊ हा कर्ता. त्याला नात्याच्या नावाने कोणी हाक मारत नसे. तो दादा, आबा, अण्णा, नाना, तात्या असा मानाच्या नावाने ओळखला जायचा, स्वतःच्या मुलांकडूनही. नात्याचं नाव लागत होतं ते धाकट्यांना. त्यामुळे ‘धाकटा बाप’ टिकला, ‘मोठा बाप’ पुसला गेला, आणि पुढे उरलेला एकच शब्द दोघांना वापरू लागले. ‘तात्या’मध्ये तो तात अजून आहेच. विदर्भात थोरल्या काकांना ‘मोठे बाबा’ आणि काकूला ‘मोठी आई’ म्हणतात. तिथं ही जोडी दुसऱ्या शब्दांनी भरून काढलेली दिसते. मूळ अर्थाने बघितलं तर पांडवांचा धृतराष्ट्र हा चुलता नव्हेच, तो पंडूपेक्षा मोठा. चुलता विदुर. आणि १७७३ साली नारायणरावाने ज्याला काका म्हणून हाक मारली असं सांगतात तो रघुनाथराव मात्र नारायणरावाच्या वडिलांचा, नानासाहेब पेशव्यांचा धाकटा भाऊ, म्हणून शब्दशः चुलता.

पत्र लिहिण्याच्या जुन्या रीतीतही बाप आणि धाकटा बाप यांच्यात एका अक्षराचं अंतर ठेवलेलं आहे: वडिलांना ‘तीर्थरूप’, काकांना ‘तीर्थस्वरूप’.

आता हे सगळे नेमके शब्द बाजूला सारणारा इंग्रजी कझिन. ‘माझ्या कझिनचं ठरलं’, ‘आम्ही सगळे कझिन्स आजीकडे जायचो’. आजीकडे म्हणजे आजोळी की वडिलांच्या गावी? तिथं मामेभावंडं होती की चुलत? बातमी सांगितली आणि नातं गाळलं. कझिनचं मूळ लॅटिन ‘कोन्सोब्रीनुस’, त्यात ‘सोरोर’ म्हणजे बहीण आहे, आणि त्याचा पहिला अर्थ आईच्या बहिणीचं मूल. म्हणजे मावसभाऊ! अंकल आला ‘अवुन्कुलुस’वरून: शब्दशः ‘छोटा आजा’, अर्थ आईचा भाऊ, म्हणजे मामा. आंट आली ‘आमिता’वरून, वडिलांची बहीण, म्हणजे आत्या. वडिलांच्या भावासाठी लॅटिनात ‘पात्रुस’ हा वेगळा शब्द होता. इंग्रजीने तो घेतलाच नाही. जी भाषा आपल्यासारखीच काटेकोर होती तिचे तीन शब्द उचलून इंग्रजीने सगळ्यांना एकत्र केलं, आणि आपण चांगले चार चार शब्द असताना त्या गोंधळात जाऊन बसतो.

याहून संताप येतो तो कझिनचं डोळे मिटून ‘चुलतभाऊ’ असं भाषांतर होतं तेव्हा. १९१४ च्या महायुद्धावर मराठीत लिहिताना इंग्लंडचा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म आणि रशियाचा झार दुसरा निकोलस हे ‘चुलतभाऊ’ होते असं लिहिलं जातं. एकही जोडी चुलत नाही. विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची बहीण: म्हणून जॉर्जला विल्हेल्म आतेभाऊ, विल्हेल्मला जॉर्ज मामेभाऊ. जॉर्ज आणि निकोलस यांच्या आया डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी: ते मावसभाऊ. विल्हेल्म आणि निकोलस यांचं जवळचं नातं लग्नाचं. निकोलसची बायको ही विल्हेल्मची मावसबहीण. १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीने ज्या अल्बर्टशी लग्न केलं तो तिचा मामेभाऊ, आणि डार्विनची बायको एमा ही त्याची मामेबहीण. मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट मराठी वाचकाला लगेच कळते. ‘चुलतबहिणीशी लग्न’ असं लिहिलं की तो दचकतो, आणि तेही चुकीच्या कारणासाठी.

वर जॉर्ज-विल्हेल्मचं नातं दोनदा सांगावं लागलं, तिथंच बहुतेक लोक घसरतात. चुलत आणि मावस ही नाती दोन्ही बाजूंनी सारखी: मी तुझा चुलतभाऊ तर तूही माझा चुलतभाऊ. आते आणि मामे तशी नाहीत. कृष्ण हा अर्जुनाचा मामेभाऊ, कारण कुंती वसुदेवाची बहीण. पण अर्जुन कृष्णाचा आतेभाऊ. म्हणून ‘आम्ही दोघे मामेभाऊ’ हे वाक्य चूक आहे. ‘आम्ही आते-मामेभाऊ’ असं म्हणायचं. गोंधळ होत असेल तर समोरच्याच्या आई-वडिलांपैकी आपल्या घरचं कोण ते बघावं, आणि त्याला आपण काय हाक मारतो ते विचारावं: आत्या म्हणत असाल तर मूल आते, मामा म्हणत असाल तर मामे. ‘सख्खा चुलतभाऊ’ याला हसणारे पुष्कळ आहेत; त्यात हसण्यासारखं काही नाही. सख्ख्या चुलत्याचा मुलगा तो सख्खा चुलत, चुलतचुलत्याचा मुलगा तो चुलतचुलत. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ हे नानासाहेबांचे चुलतभाऊ, म्हणून नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव याचे चुलतचुलते.

राहिली मावशी. जाणत्यांचं एवढं खरं की चुलत हे नेहमी कोणाच्या तरी वडिलांच्या भावाकडून येतं. पण ते वडील तुमचेच असले पाहिजेत असं नाही. आईच्या चुलत्याची मुलगी ही आईची चुलतबहीण, म्हणून तुमची चुलतमावशी. तसाच आईचा चुलतभाऊ हा चुलतमामा, आणि आईची मावसबहीण ती मावसमावशी. लिहिताना एकत्र लिहा, चुलतमावशी. मामेभाऊ जसा तोडत नाही तसं हेही तोडू नये.