आजोबांना ७१ व्या वर्षी आणि चुलतभावाला २२ व्या वर्षी यकृताचा कॅन्सर: हा एकच आजार आहे का?

नाव एक असलं तरी बहुधा दोन वेगळे आजार आहेत. मी रत्नागिरीत पॅथॉलॉजिस्ट आहे, बायोप्सीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासणं हे माझं रोजचं काम. तुम्ही लिहिलंय की आजोबांना आधीपासून सिरॉसिस होता, म्हणजे जखमांच्या व्रणांनी यकृत कडक झालेलं होतं. चुलतभावाचं पोट दुखत होतं म्हणून कणकवलीत सोनोग्राफी केली, तर ९ सेंटीमीटरची गाठ निघाली. रक्तातली एएफपी, म्हणजे यकृताच्या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणाऱ्या प्रथिनाची पातळी, नॉर्मल आहे, म्हणून घरात थोडी आशा आहे. काका म्हणतात, तरुण रक्त आहे, आजार भराभर पसरणार. आत्या म्हणते, तरुण आहे, सोसेल. दोघंही फक्त वय बघतायत. मी आधी गाठीभोवतीचं यकृत कसं आहे ते बघते.

म्हाताऱ्या माणसाच्या यकृतात कॅन्सर सहसा आधीच खराब झालेल्या जागी उगवतो. दारू, हिपॅटायटिस सी, डायबेटिस आणि लठ्ठपणाबरोबर येणारी चरबी, कारण काहीही असो, वर्षानुवर्षं पेशी मरत राहतात. पावसाआधी दरवर्षी घर शाकारावं तसं यकृत जखमा बुजवत राहतं, आणि प्रत्येक वेळी पेशींचं विभाजन होतं. विभाजन होताना गुणसूत्रांची टोकं झिजतात. ती फारच झिजली की पेशीने थांबायचं, हा शरीराचा नियम. टर्ट नावाच्या जनुकाचं बटण पुन्हा चालू झालं की टोकं झिजेनाशी होतात आणि पेशी थांबत नाही. मोठ्या माणसांच्या नेहमीच्या यकृत-कॅन्सरमध्ये सुमारे ६० टक्के गाठींत हा बिघाड सापडतो, तोही अगदी सुरुवातीच्या पायरीवर. त्यावर आणखी बिघाड साचत जातात. म्हणून आजोबांच्या बाबतीत डॉक्टरांपुढे दोन दुखणी होती: गाठ, आणि ऑपरेशन सोसू न शकणारं उरलेलं यकृत. बरेचदा माणूस दुसऱ्यानेच जातो.

बावीस वर्षांच्या मुलात एवढी वर्षंच गेलेली नसतात. त्यामुळे भोवतीचं यकृत मऊ, निरोगी असेल आणि एएफपी नॉर्मल असेल, तर माझ्या मनात पहिलं नाव येतं फायब्रोलॅमेलर कार्सिनोमाचं. हा दुर्मिळ कॅन्सर मुख्यतः किशोरवयात आणि तिशीच्या आत-बाहेर दिसतो. मायक्रोस्कोपखाली मोठ्या गुलाबी पेशी आणि त्यांच्यामधून जाणारे तंतूंचे समांतर पट्टे दिसतात. २०१४ मध्ये त्याचं मूळ सापडलं: १९ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळतो आणि डीएनएजेबी१ व पीआरकेएसीए ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात. त्यातून तयार होणारं प्रथिन पेशीला सतत ‘वाढ’ असा हुकूम देत राहतं. बाकी बिघाड फार थोडे. हा तुकडा जन्मानंतर यकृताच्या पेशीतच गळतो, आईवडिलांकडून येत नाही. म्हणजे तसं निघालं तर आजोबांचा वारसा हा प्रश्नच उरत नाही.

पण एएफपी नॉर्मल म्हणून कॅन्सर नाही, असं कृपया धरून बसू नका. फायब्रोलॅमेलरमध्ये ती बहुतेक वेळा नॉर्मलच असते.

तरुणांमधली दुसरी वाट हिपॅटायटिस बीची, आपल्याकडे ज्याला पांढरी कावीळ म्हणतात ती. इथे वय वेगळ्याच तऱ्हेने आडवं येतं. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी लोकांत विषाणू कायमचा राहतो, जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहापैकी सुमारे नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो. मग त्याचा डीएनए थेट यकृताच्या पेशीतल्या जनुकांमध्ये घुसतो, बरेचदा त्याच टर्ट जनुकाच्या शेजारी. म्हणून सिरॉसिस नसतानाही, विशीत-तिशीत कॅन्सर होऊ शकतो. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि तिथे मुलांमधला यकृताचा कॅन्सर लक्षणीय घटला. आपल्याकडे ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर यायला २०११ उजाडलं. तुमचा भाऊ त्याच्या आधीचा. कावीळ झाली की गावठी औषध घ्यायचं, डोळे पांढरे झाले की विषय संपला, असं आपल्या गावांत अजून चालतं आणि त्यात रक्ताची तपासणी राहूनच जाते. याचं मला फार वाईट वाटतं. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा खोबरं वरवर पुसून वापरणंही सोडा. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आणि हा विषाणू एकत्र आले तर धोका कितीतरी वाढतो.

अगदी लहान मुलांतला हिपॅटोब्लास्टोमा हा तिसराच प्रकार. बहुतेक तीन वर्षांच्या आत होतो, यकृत घडत असतानाच्या पेशींतून येतो आणि सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाला छान दाद देतो. तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

आता बायोप्सी. आजोबांची केली नव्हती, मग याची कशाला, सुई लावली की पसरतो, असं घरात चाललंय म्हणता. सिरॉसिस असलेल्या रुग्णाच्या गाठीत सीटीवर शिरेतून दिलेलं रंगद्रव्य ठरावीक पद्धतीने येऊन निघून गेलं, तर त्यावरून निदान पक्कं धरता येतं. निरोगी यकृतात तो नियम लावता येत नाही, म्हणून तुकडा लागतो. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं फार क्वचित घडतं. चुकीच्या निदानावर उपचार सुरू होणं त्याहून कितीतरी वाईट.

काका आणि आत्यांना एवढं सांगा: तरुणांत गाठ बहुधा मोठी होऊनच सापडते, कारण या वयात कोणी शोधतच नाही. पण भोवतीचं यकृत चांगलं असेल तर अर्ध्याहून जास्त कापूनही उरलेलं वाढून भरून येतं. फायब्रोलॅमेलरमध्ये ऑपरेशन हाच मुख्य उपाय आहे आणि तो लसिकाग्रंथींत पसरतो म्हणून त्याही काढतात. बरं झाल्यावरही हा बरेचदा परत उलटतो, वर्षानुवर्षं तपासण्या कराव्या लागतात.

मुंबईला परळला टाटा मेमोरियलमध्ये दाखवणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. इथल्या लॅबमधून स्लाइड्स आणि बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. जोडलेल्या जनुकाची तपासणी त्याच ब्लॉकवर होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या रक्ततपासणीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ती आधी करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर त्याची आई आणि सगळ्या भावंडांची करा. ज्यांना लागण नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस द्या. घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, बाळाला पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळायला हवा. बायोप्सीचा रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, गाठीबाहेरच्या यकृताबद्दलची ओळ मुद्दाम दिसू द्या.